अँटीबॉडी आणि परजीवी आदिजीव: वाढ थांबते की पेशी फुटते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परजीवीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पशुवैद्यक शिकणाऱ्यांकडून, तसेच मलेरियाच्या कल्चरवर नुकतेच काम सुरू केलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. प्रतिपिंड, प्रतिद्रव्य असे शब्द पुस्तकांत आहेत, पण प्रयोगशाळेत सगळे ‘अँटीबॉडी’च म्हणतात, म्हणून तोच शब्द वापरला आहे.

अँटीबॉडी परजीवीला मारते, म्हणजे नेमके काय करते?

बऱ्याचदा ती मारतच नाही. पृष्ठभागावरच्या प्रथिनाला चिकटून ती परजीवीचे एखादे काम अडवते: तांबड्या पेशीत शिरणे, आतड्याच्या अस्तराला चिकटणे, पोहणे किंवा विभाजन. अँटीबॉडीला दोन हात असल्यामुळे ती शेजारशेजारच्या परजीवींना एकत्र बांधून त्यांचे गठ्ठे करते. प्रत्यक्ष मारण्याचे काम बहुधा दुसरे कोणी तरी करते. कॉम्प्लिमेंट (रक्तातला संरक्षक प्रथिनांचा संच) पटलाला भोके पाडते, किंवा मॅक्रोफेज आणि मोनोसाइट या भक्षक पेशी खूण केलेला परजीवी गिळतात.

म्हणून वहीत नुसते ‘वाढ कमी झाली’ लिहू नका. प्रवेश अडला, विभाजन थांबले की पेशी मेली, हे वेगवेगळे निष्कर्ष आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळा पुरावा लागतो. या विषयातले निम्मे गोंधळ हे तीन निष्कर्ष एकच समजल्यामुळे होतात.

परजीवी पेशीच्या आत बसलेला असेल तर अँटीबॉडी तिथे पोहोचते का?

साधारणपणे नाही. आयजीजी (रक्तातली सगळ्यात जास्त आढळणारी अँटीबॉडी) हा सुमारे १५० किलोडाल्टनचा रेणू आहे, तो अखंड पटलातून आत जात नाही. त्यामुळे परजीवी बाहेर उघडा पडण्याची वेळ फार मोलाची ठरते. फाल्सिपेरम मलेरियात शायझॉन्ट (विभाजन होत असलेली परजीवीची अवस्था) फुटून १६ ते ३२ मेरोझॉइट (नव्या पेशीत शिरणारे परजीवी) बाहेर पडतात आणि साधारण एक-दोन मिनिटांत नव्या तांबड्या पेशीत शिरतात. ४८ तासांच्या चक्रात एवढीच फट मिळते. या वेळात अँटीबॉडी पुरेशा संख्येने जागेवर हवी, म्हणूनच मेरोझॉइटविरुद्धच्या लशींना फार उंच पातळीची अँटीबॉडी लागते. ती पातळी कशी गाठायची, हाच या लशींपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

दुसरी वाट म्हणजे परजीवीने स्वतःची प्रथिने यजमान पेशीच्या बाहेरच्या बाजूला आणून ठेवणे. तेव्हा परजीवी आत असूनही अँटीबॉडीचा हात त्याच्यापर्यंत पोहोचतो.

आत बसलेल्या परजीवीचे विभाजन बाहेरची अँटीबॉडी थांबवते, याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते मुंबईचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शोभना शर्मा यांच्या गटाने फाल्सिपेरमच्या पी-२ या प्रथिनावर काम केले. हे मुळात रायबोसोमचे प्रथिन आहे. पण प्रवेशानंतर सुमारे २६ ते २८ तासांनी, शायझॉन्ट होण्याच्या सुरुवातीला, ते ६ ते ८ तासांसाठी संसर्गित तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर येते. या काळात पी-२ विरुद्धची मोनोक्लोनल (एकाच जागेला चिकटणारी, एकसारखी) अँटीबॉडी दिली की परजीवी पहिल्याच केंद्रक-विभाजनावर अडकतो. २०१२ साली हे काम प्रसिद्ध झाले.

पेशीच्या रचनेत काय दिसले ते पाहण्यासारखे आहे. परजीवी तांबड्या पेशीत नळ्या आणि पिशव्यांचे जाळे पसरतो आणि त्यातून पोषण आत घेतो. अँटीबॉडीच्या उपस्थितीत ३६ तासांपर्यंत या जाळ्याचे पूर्ण तुकडे झाले आणि मेदद्रव्यांची आयात मंदावली. २४ तासांनंतर अँटीबॉडी धुऊन काढली, तर ८० ते ८५ टक्के परजीवी पुन्हा मार्गी लागले. जाळे परत बांधले गेले आणि विभाजन पुढे सरकले. म्हणजे हा मृत्यू नव्हता, अटकाव होता.

याच्या शेजारी पीएफजीएआरपी या प्रथिनाचे २०२० साली प्रसिद्ध झालेले काम ठेवून बघा. हेही संसर्गित पेशीच्या बाहेरच्या बाजूला दिसते. त्याविरुद्धच्या अँटीबॉडीने मात्र ट्रोफोझॉइट (पेशीतली वाढती अवस्था) मरतात: मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतभार ढासळतो, अन्नपोकळी विस्कटते, डीएनएचे तुकडे होतात. दोन्हीकडे ‘वाढ थांबली’ असाच आकडा येईल. फरक कळतो तो धुऊन पाहिल्यावर.

धुऊन पाहण्याची चाचणी कशी करायची?

समकालिक (सगळे परजीवी साधारण एकाच वयाचे) केलेले कल्चर दोन भागांत वाटा. एका भागात अँटीबॉडी, दुसऱ्यात (हा कंट्रोल) तेवढ्याच प्रमाणात असंबंधित आयजीजी घाला. ठरलेल्या वेळी (समजा २४ तासांनी) प्रत्येक भागाचा अर्धा हिस्सा कोमट माध्यमाने तीनदा धुवा आणि ताज्या माध्यमात ठेवा, उरलेला अर्धा तसाच चालू ठेवा. मग दर ६ ते ८ तासांनी गिम्सा स्मिअर (काचेवर पसरून रंगवलेला रक्ताचा थर) काढा. केंद्रकांची संख्या पुन्हा वाढू लागली तर अटकाव. पेशी आक्रसलेल्या, केंद्रक गडद ठिपक्यासारखे आणि ४८ तासांनीही तसेच असेल तर मृत्यू. माध्यम थंड वापरू नका, थंडीचा धक्का बसला की कंट्रोलमधलेही परजीवी रेंगाळतात आणि तुलना बिघडते.

वाढ रोखणारी पण न मारणारी अँटीबॉडी पहिल्यांदा कुठे दिसली?

उंदरांच्या ट्रिपॅनोसोमा लुइसीत. हा परजीवी टिमोथी लुइस यांनी १८७८ साली कोलकात्यातील उंदरांच्या रक्तात वर्णिला होता. विल्यम टॅलियाफेरो यांनी १९२४ मध्ये दाखवले की संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांनंतर रक्तातील परजीवी जिवंत आणि हलते असतात, पण विभाजन बंद पडलेले असते. या गुणधर्माला त्यांनी १९३२ मध्ये ‘अ‍ॅब्लास्टिन’ नाव दिले. मोजण्याची युक्ती साधी आणि सुंदर होती. विभाजन चालू असताना लहान-मोठे, अर्धवट विभागलेले सगळे आकार एकत्र सापडतात, त्यामुळे लांबीतली तफावत मोठी येते. विभाजन थांबले की सगळे जवळपास एका मापाचे होतात. लांबी मोजली की विभाजन कळते.

दहाव्या दिवसाच्या आसपास मारक अँटीबॉडी बहुतेकांना संपवते. उरलेले प्रौढ रूपातले परजीवी काही आठवडे न विभागता फिरत राहतात, मग दुसरी मारक अँटीबॉडी त्यांना काढून टाकते. अ‍ॅब्लास्टिन परजीवींमध्ये मिसळून शोषून निघत नाही, म्हणून ती खरोखर पृष्ठभागालाच चिकटते का, यावर पुढे बराच वाद झाला.

मलेरियासाठी वाढ-रोध चाचणी (जीआयए) टप्प्याटप्प्याने कशी करतात?

या चाचणीचा पाया म्हणजे ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये बसवलेले फाल्सिपेरमचे अखंड कल्चर. आज रुळलेली पद्धत अशी:

१. कल्चर. आरपीएमआय १६४० हे पोषक माध्यम, २५ मिलिमोलर हेपेस, लिटरमागे ५० मिलिग्रॅम हायपोझँथिन, सोडियम बायकार्बोनेट, आणि १० टक्के मानवी सीरम किंवा ०.५ टक्के अल्ब्युमॅक्स. वायू: ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, उरलेला नायट्रोजन. तापमान ३७ अंश. हे सगळे जैवसुरक्षेच्या परवानगीसह आणि मानवी रक्ताची काळजी घेऊनच.

२. समकालिक करणे. रिंग (नुकतेच शिरलेले, अंगठीसारखे दिसणारे परजीवी) जास्त असताना ५ टक्के सॉर्बिटॉलमध्ये ३७ अंशांवर १० मिनिटे. मोठ्या परजीवींच्या तांबड्या पेशी सॉर्बिटॉल आत घेतात आणि फुटतात, रिंग वाचतात. पुढच्या चक्रात पुन्हा एकदा केले तर वयातला फरक बराच कमी होतो. मग उशिराच्या ट्रोफोझॉइट-शायझॉन्ट अवस्थेपर्यंत थांबा.

३. अँटीबॉडी तयार करणे. सीरम प्रोटीन-जी स्तंभातून काढा, आम्लात सोडवलेली आयजीजी लगेच ट्रिसने उदासीन करा, आणि आरपीएमआयमध्ये डायलिसिस करा. ०.२२ मायक्रॉन गाळणीतून गाळा. २८० नॅनोमीटरवर १ मिग्रॅ/मिली आयजीजीचे प्रकाश-शोषण सुमारे १.४ येते, त्यावरून सांद्रता काढा. ५६ अंशांवर २० ते ३० मिनिटे तापवून कॉम्प्लिमेंट निकामी करा. त्यानंतर दर १ मिलीमागे साधारण ५० मायक्रोलीटर दाबून बसवलेल्या ओ-गटाच्या तांबड्या पेशी मिसळून तासभर ठेवा आणि सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घ्या.

४. प्लेट. अर्ध्या क्षेत्रफळाच्या ९६ खान्यांत २० मायक्रोलीटर परजीवी (०.३ टक्के संसर्ग, २ टक्के हेमॅटोक्रिट म्हणजे द्रवातले तांबड्या पेशींचे प्रमाण, २० टक्के सीरम) आणि २० मायक्रोलीटर अँटीबॉडी. म्हणजे अंतिम हेमॅटोक्रिट १ टक्का. प्रत्येक नमुना तीन खान्यांत घ्या. कडेच्या खान्यांत नुसते माध्यम भरा, तिथे बाष्पीभवन जास्त होते.

५. ४० तास ३७ अंशांवर, वरच्याच वायूमिश्रणात. तेवढ्यात शायझॉन्ट फुटून मेरोझॉइट नव्या पेशीत शिरतात आणि पुन्हा ट्रोफोझॉइट होतात.

६. थंड पीबीएसने (क्षारद्रावणाने) धुऊन गोठवा, वितळवा आणि परजीवीच्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेजची रंगक्रिया करून ६५० नॅनोमीटरवर वाचा. हे विकर एपीएडी हे सहविकर वापरते. मानवी विकर ते फारसे वापरत नाही, म्हणून परजीवीचाच संकेत मिळतो.

टक्केवारी कशी काढायची?

चाचणीच्या खान्याच्या वाचनातून नुसत्या तांबड्या पेशींचे वाचन वजा करा. अँटीबॉडीविना संसर्गित खान्यातूनही तेच वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, शंभरने गुणा, आणि १०० मधून वजा करा.

उदाहरण: नुसत्या पेशी ०.०५०, अँटीबॉडीविना परजीवी ०.८५०, चाचणी ०.२९०. तर ०.२४० भागिले ०.८०० म्हणजे ३० टक्के वाढ झाली, ७० टक्के रोध. एकाच सांद्रतेवर थांबू नका. १० मिग्रॅ/मिलीपासून (माणसाच्या रक्तातली एकूण आयजीजी साधारण याच पातळीची असते) निम्मे-निम्मे करत खाली या आणि ५० टक्के रोध कुठे मिळतो ते सांगा. त्या आकड्याची दुसऱ्या प्रयोगशाळेशी तुलना करता येते.

रोध आला, पण खोटा निघाला. असे का होते?

सगळ्यात जास्त वेळा फसवतात त्या तांबड्या पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी. सशाच्या सीरममध्ये त्या असतातच. पेशींचे गठ्ठे होतात, मेरोझॉइटला शिरायला जागा मिळत नाही आणि आकडा सुरेख दिसतो. म्हणून वरची तांबड्या पेशींत मिसळून ठेवण्याची पायरी टाळू नका, आणि प्लेट वाचण्याआधी खाने उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

दुसरे, सोडियम अझाइड. विकत आणलेल्या मोनोक्लोनलमध्ये ते टिकवण्यासाठी घातलेले असते आणि परजीवीला सरळ विष ठरते. डायलिसिस केल्याशिवाय ती वापरूच नका. तिसरे, रक्तदात्याने घेतलेले मलेरियाचे औषध किंवा डॉक्सिसायक्लिनसारखे अँटिबायोटिक. अख्खे सीरम वापरले तर औषधाचा परिणाम अँटीबॉडीच्या खाती जमा होतो. शुद्ध आयजीजी वापरण्यामागे हेही एक कारण आहे.

उलट चूकही होते. कल्चर नीट समकालिक नसेल तर काही परजीवी चाचणी सुरू होण्याआधीच आत शिरलेले असतात आणि खरा रोध झाकला जातो.

मोजणीतली चूक वेगळीच. ०.३ टक्के संसर्गात १००० पेशी मोजल्या तर ३ परजीवी सापडतात. पुढच्या हजारांत १ किंवा ५ सापडणे अगदी शक्य आहे. म्हणून मूळ कल्चर ३ टक्क्यांपर्यंत वाढवा, तिथे नीट मोजा, आणि ताज्या पेशींनी दहापट पातळ करा.

कंट्रोल किमान तीन हवेत: त्याच प्राण्याचे लशीपूर्वीचे आयजीजी, ओळखीची रोधक अँटीबॉडी, आणि प्रतिजन (ज्याविरुद्ध अँटीबॉडी बनली ते प्रथिन) घालून रोध परत फिरवणारा खाना. शुद्ध प्रतिजन घातल्यावर रोध गेला नाही, तर तो त्या अँटीबॉडीचा नव्हता.

परजीवीचा एकच स्ट्रेन (उपप्रकार) तपासणेही पुरत नाही. एएमए-१ या मेरोझॉइटच्या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी ज्या स्ट्रेनच्या प्रथिनाने बनवली त्याला जोरात रोखते, दुसऱ्याला कमी. आरएच-५ या मेरोझॉइटच्या दुसऱ्या प्रथिनात असा फरक फार कमी आहे. तांबड्या पेशीवरच्या बॅसिजिनला ते चिकटते हे २०११ मध्ये कळले, आणि त्यानंतर लशीच्या संशोधनात त्याला इतके महत्त्व आले.

जीआयएमध्ये रोध कमी, तरी माणूस सुरक्षित. हे कसे?

१९६१ मध्ये गांबियात कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी प्रतिकार असलेल्या प्रौढांचे गॅमाग्लोब्युलिन आजारी मुलांना दिले आणि त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. अँटीबॉडी संरक्षण देते याचा हा आजही सगळ्यात भक्कम पुरावा आहे. पण १९९० मध्ये द्रुइल यांच्या गटाने दाखवले की अशा संरक्षक अँटीबॉडी एकट्या असताना कल्चरमधली वाढ फारशी रोखत नाहीत. मोनोसाइट सोबत दिले की रोखतात. प्लेटमध्ये मोनोसाइट नसतात, कॉम्प्लिमेंट आपणच तापवून घालवलेले असते, प्लीहा तर नसतेच. जीआयए हे अँटीबॉडीच्या फक्त एका कामाचे मोजमाप आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या रचनेत काय बदल दिसतात?

परजीवीनुसार चित्र बदलते.

*टॉक्सोप्लाझ्मा.* १९४८ ची सेबिन-फेल्डमन रंगचाचणी याच बदलावर उभी आहे. जिवंत टॅकिझॉइट (झपाट्याने वाढणारे परजीवी), रुग्णाचे तापवलेले सीरम आणि कॉम्प्लिमेंट असलेले निरोगी मानवी सीरम ३७ अंशांवर तासभर ठेवतात, मग अल्कधर्मी मिथिलीन ब्लू घालतात. अखंड परजीवी निळे फुगीर दिसतात. ज्यांच्या पटलाला भोके पडली त्यांचा पेशीद्रव निघून गेलेला असतो, ते रंग घेत नाहीत. ज्या विरलनात निम्मे परजीवी रंगहीन राहतात, ते टायटर. पूरक सीरम जुने झाले असेल तर कॉम्प्लिमेंट मेलेले असते आणि सगळेच निळे दिसतात. या चाचणीत वापरला जाणारा टॉक्सोप्लाझ्माचा आरएच स्ट्रेन जिवंत आणि घातक आहे, गरोदर सहकाऱ्यांना या कामापासून दूर ठेवा.

*एन्टअमिबा हिस्टोलिटिका.* चमकणारी अँटीबॉडी घातली की आधी सगळ्या कडेला रंग दिसतो. ३७ अंशांवर काही मिनिटांत तो सरकत मागच्या टोकाला टोपीसारखा गोळा होतो आणि अमिबा ती टोपी टाकून देतो. ४ अंशांवर पटलाची हालचाल थांबते, टोपी बनत नाही. हा थंड कंट्रोल घेतला नाही, तर ‘अँटीबॉडी चिकटलीच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

*मलेरियाचा शायझॉन्ट.* मेरोझॉइट सुटे न होता रंगद्रव्याभोवती झुपक्यात अडकून राहतात.

*माशांवरचा इक.* मत्स्यालयात पांढरे ठिपके पाडणारा हा रोमकधारी परजीवी. अँटीबॉडीने त्याचे रोम एकमेकांना चिकटतात, पोहणे थांबते. कॅटफिशमध्ये अशी अँटीबॉडी टोचल्यावर परजीवी न मरता माशाच्या त्वचेतून वेळेआधी बाहेर निघून गेले. इथे अँटीबॉडीने परजीवीला नुसते घराबाहेर काढले.

ट्रिपॅनोसोमा अँटीबॉडीतून कसा निसटतो?

ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या अंगावर व्हीएसजी या एकाच प्रथिनाचे सुमारे १ कोटी रेणू दाटीने बसलेले असतात. अँटीबॉडी या आवरणाला चिकटते. परजीवी पुढे पोहत असताना द्रवाचा रेटा त्या जोड्यांना मागच्या टोकाकडे ढकलतो, तिथे कशाभिकेच्या मुळाशी असलेला खिसा त्यांना गिळतो, अँटीबॉडी पचवतो आणि व्हीएसजी परत पृष्ठभागावर पाठवतो. थोड्या प्रमाणातली अँटीबॉडी अशी काही मिनिटांत साफ होते. म्हणून चिकटण्याची चाचणी थंडीत करतात. पातळी वाढली की गठ्ठे होतात आणि यकृत त्यांना रक्तातून काढते, पण तोवर काहींनी आवरण बदललेले असते.

या खिशावरच घाव घालता येतो. उंटाच्या अँटीबॉडीपासून बनवलेले अगदी छोटे नॅनोबॉडी व्हीएसजीत खोलवर शिरून बसतात. मग गिळण्याची क्रिया बंद पडते, खिसा फुगतो, हालचाल थांबते आणि पेशी मरते. नेहमीची मोठी अँटीबॉडी त्या जागेपर्यंत जात नाही.

माणसाला जनावरांचा ट्रिपॅनोसोमा सहसा होत नाही. ते अँटीबॉडीमुळेच ना?

नाही. माणसाच्या रक्तात एपीओएल-१ हे प्रथिन असते, तेच परजीवीला फोडते. चंद्रपूर जिल्ह्यात २००४ मध्ये एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. तपासात त्याच्याकडे कार्यक्षम एपीओएल-१ नसल्याचे दिसले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. सीरमने परजीवी मेला की लगेच ‘अँटीबॉडी’ म्हणू नका. आधी आयजीजी वेगळी काढून पाहा.

अँटीबॉडी जास्त म्हणजे संरक्षण जास्त, असे धरायचे का?

लीशमॅनिया या परजीवीमुळे होणाऱ्या काळा आजारात अगदी उलट चित्र आहे. रुग्णाच्या रक्तात अँटीबॉडी भरपूर असते, निदानाची आरके-३९ पट्टी त्यावरच चालते, तरी आजार वाढत जातो. आयजीजी चिकटलेले लीशमॅनिया मॅक्रोफेज आनंदाने गिळते आणि त्याच वेळी आयएल-१० हा प्रतिकार शमवणारा संदेशरेणू सोडते. त्याने मॅक्रोफेजची मारण्याची ताकद मंदावते आणि परजीवी आत सुखाने वाढतो. अमिबातही लेक्टिनच्या (चिकटण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रथिनाच्या) काही जागांवरच्या मोनोक्लोनल चिकटणे रोखतात, तर काही ते वाढवतात. अँटीबॉडी रेणूवर कुठे बसली, हे ती किती आहे याइतकेच महत्त्वाचे.

पुण्यात बनणारी मलेरियाची लस यातले काय करते?

सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ लस ऑक्सफर्ड विद्यापीठासोबत विकसित झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. तिचे लक्ष्य मेरोझॉइट नव्हे, तर डास चावताना त्वचेत शिरणारा स्पोरोझॉइट आहे. त्याच्या सीएसपी या प्रथिनाच्या आवरणाला अँटीबॉडी चिकटली की आवरण मागच्या टोकाकडून शेपटीसारखे गळू लागते. हे चित्र १९६९ पासून माहीत आहे. सरकणे थांबते आणि तो यकृतापर्यंत पोहोचत नाही. यकृतात पोहोचलेला एक परजीवीही पुढे हजारो मेरोझॉइट देतो, म्हणून इथेही अँटीबॉडीची पातळी उंच राहावी लागते आणि वर्षभराने बूस्टर देतात.

ही लस फाल्सिपेरमसाठीच आहे. गडचिरोलीत फाल्सिपेरम मोठा आहे, मुंबईत व्हायव्हॅक्सही भरपूर सापडतो, आणि व्हायव्हॅक्सचे सीएसपी वेगळे असल्याने ही अँटीबॉडी त्याला ओळखत नाही.

नमुने साठवताना काय सांभाळायचे?

आयजीजीचे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. वारंवार गोठवणे-वितळवणे झाले की ती गुठळते आणि गुठळ्या पेशींना चिकटवून खोटा रोध दाखवतात. वितळवल्यावर गढूळ दिसली तर सेंट्रिफ्यूज करा, वरच्या द्रवाची सांद्रता पुन्हा मोजा आणि मगच प्लेटमध्ये घाला.